उचल घेतलेले घर गरीब की नाही?

डोंगरपट्टा

मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गातील काही बाके रिकामी होतात आणि बहुतेक पाडव्यापर्यंत रिकामीच राहतात. ती मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात, किंवा आईवडील गेले म्हणून घर, जनावरे आणि धाकटी भावंडे सांभाळत असतात.

यंदा दारिद्र्याचे प्रकरण शिकवताना मी मुलांना एक साधा तक्ता भरायला दिला. गेल्या महिन्यात घरात धान्य, तेल, औषध, कपडे, प्रवास आणि घरदुरुस्ती यांवर किती खर्च झाला, तो लिहायचा आणि घरातील माणसांच्या संख्येने भागायचे. वर्गात सर्वांत मोठा आकडा आला तो ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबातील एका मुलीचा. आषाढात मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी बांधणाऱ्या ठेकेदाराने, उचल, म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दिली होती. त्या पैशातून घरावर पत्रे पडले, आजीच्या शस्त्रक्रियेची उसनवारी भागली, बियाणे आले आणि दुकानदाराची उधारी चुकती झाली. तक्त्यानुसार ती मुलगी वर्गातील सर्वांत सुस्थितीतील घरातली ठरली. तिने कागद माझ्या हातात देताना विचारले, "मॅडम, हे सगळं फेडायचंय, ते कुठल्या रकान्यात लिहू?"

तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. आपल्या देशात गरिबीची रेषा ज्या उपभोग खर्चाच्या पाहणीवरून काढली जाते, तिच्याही गणितात नाही. तिथे खर्च झालेला रुपया हा खर्च झालेला रुपया असतो. तो मजुरीचा होता, शेतमालाचा होता की पुढच्या सहा महिन्यांच्या श्रमांवर आधीच उचललेला होता, हे रेषा विचारत नाही. म्हणजे एखादे कुटुंब जितके अधिक बांधले जाते, तितके त्या महिन्यापुरते कमी गरीब दिसते. या विसंगतीवर येथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांना या व्यवसायाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऊसतोडीत मजुरीचे एकक माणूस नाही, 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष आला तर तो अर्धा कोयता. मुकादम दहा-पंधरा कोयत्यांची टोळी बांधतो आणि हंगामाआधी प्रत्येक कोयत्याला उचल देतो. हा पैसा कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून येतो. मग आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगाव भागांतील गावेच्या गावे कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला निघतात. फडाजवळ, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेताजवळ, कोपी (पाचटाची झोपडी) घालून राहायचे, पहाटे चारच्या आत उठायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहनात चढवायच्या. आजारपणाने काम चुकले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत मिळवला जातो.

जानेवारी २०२४ मधील करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने १ लाख रुपयांची उचल फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. एका जोडीने दिवसाला २ टन तोडले, एकही खाडा पडला नाही आणि वाहन वेळेवर आले, तरी हे १३७ दिवसांचे काम आहे. २०२४-२५ चा हंगाम बहुतेक ठिकाणी शंभर दिवसांच्या आतच आटोपला. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उरलेली बाकी पुढील वर्षाच्या उचलीत जाते, आणि पुढील वर्षी कोणाकडे जायचे हा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली असा विचार मांडला होता की गरीब हा वर्ग केवळ वस्तूंच्या अभावामुळे तयार होत नाही. समाज त्याच्याशी कसा वागतो, त्याला कोणत्या नात्यात ठेवतो, यातून तो तयार होतो. झिमेल मदतीविषयी बोलत होते. मला त्यांचे म्हणणे उचलीला अधिक लागू पडते असे वाटते. कोयत्याची गरिबी म्हणजे अमुक उष्मांकांची कमतरता नसून आपले श्रम कोणाला, केव्हा आणि किती किमतीला द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेला असणे होय. असे असेल तर ती मोजण्यासाठी आपण वापरत असलेले माप चुकीच्या वस्तूवर ठेवलेले आहे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

निवृत्त गणक

मी आयुष्यभर नमुना पाहण्यांच्या कामात होतो, त्यामुळे मोजणीची बाजू मांडणे हे माझे कर्तव्य समजतो.

दारिद्र्यरेषेला आज सहज नावे ठेवली जातात, परंतु ती रेषा नव्हती तेव्हा गरिबीविषयी बोलणे किती सैल होते, हे विसरू नये. पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज माणशी २,२५० उष्मांक देऊ शकेल असा खर्च त्यांनी आधार धरला, आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी मर्यादा काढली. त्या हिशोबाने ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या मर्यादेखाली होते. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी देशाला हा आकडा तोंडावर ऐकावा लागला. 'गरिबी आहे' हे वाक्य कोणीही कानाआड करू शकतो. '४० टक्के' म्हटले की संसदेत प्रश्न विचारावे लागतात.

मात्र रेषेच्या मर्यादा मला मान्य आहेत. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ग्रामीण भागात दरमहा माणशी ८१६ रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये ही रेषा होती व तिच्याखाली २१.९ टक्के लोक होते. त्याच वर्षासाठी रंगराजन समितीने रेषा ९७२ आणि १,४०७ रुपयांवर नेली, तेव्हा प्रमाण २९.५ टक्के झाले. एकाही कुटुंबाच्या चुलीत फरक न पडता सुमारे नऊ कोटी माणसे गरीब ठरली. त्यामुळे रेषेला वस्तुस्थिती न मानता मोजपट्टी मानावे.

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक १२ निकषांवर आधारलेला आहे: पोषण, शाळेतील हजेरी, शौचालय, इंधन, वीज, घर, बँक खाते इत्यादी. त्यानुसार २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये प्रमाण १४.९६ टक्क्यांवर आले. ही सुधारणा खरी आहे. शौचालय आणि वीज या गोष्टी माणसाच्या आयुष्यात मोठा फरक करतात. परंतु ताईंचा मुद्दा इथेही उभा राहतोच. बँक खाते आहे का हे विचारले जाते, उचल रोख घेतली का हे विचारले जात नाही. कर्ज हा बारापैकी एकही निकष नाही.

माझे म्हणणे एवढेच की नाते आणि संख्या यांना एकमेकांविरुद्ध उभे करू नये. नात्याचेही मोजमाप करता येते, पण त्यासाठी प्रश्न नेमका हवा. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला रकाना आपण सर्वांनी मिळून तयार करू या.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादक आहे. क्षेत्र सव्वादोन एकर, कारखान्याचा सभासद. या विषयावरील लेखनात शेतकरी नेहमी एकाच रंगात रंगवला जातो, म्हणून आमची बाजू लिहितो. ती मजुरांच्या विरोधातील बाजू म्हणून वाचू नये ही विनंती.

ऊस तोडायला तयार झाला की आम्ही चिटबॉयच्या, म्हणजे तोडीचा क्रम लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरतो. तोड वेळेवर आली नाही तर उसाला तुरे येतात आणि वजन घटते. टोळी शेतावर आली की 'खुशाली' म्हणून वरचे पैसे मागितले जातात, वाहनचालकाची 'एंट्री' वेगळी. हे पैसे कोणत्याही पावतीवर नसतात. आमच्या गावातील दोन तरुणांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले, मुकादमाला काही लाख रुपये दिले आणि टोळी आलीच नाही. एकाने जमीन गहाण टाकली. त्यांना शोषक वर्गात बसवायचे का, हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

दुसरी गोष्ट. तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्या उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातूनच कापला जातो. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,४०० रुपये असा दर होता, पण हातात येतो तो तोडणी-वाहतूक वजा करून. मजुरी वाढली पाहिजे हे मला पटते. परंतु ती वाढली की कारखान्याचा नफा तसाच राहतो आणि माझ्या बिलातून रक्कम जाते. करार होतो तेव्हा टेबलाच्या एका बाजूला संघटना आणि दुसऱ्या बाजूला कारखानदार असतात. ज्याच्या बिलातून पैसे जाणार तो बाहेर उभा असतो.

डोंगरपट्टा

पंचगंगाकाठ, आपला प्रतिसाद या धाग्यासाठी अतिशय मोलाचा आहे. आपण मांडलेली अडचण वर्गविचाराच्या अगदी गाभ्याची आहे.

मार्क्सच्या मांडणीत उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आहेत, यावरून वर्ग ठरतो. उसाच्या साखळीत मालक आणि मजूर यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत. सव्वादोन एकरांचा सभासद जमिनीचा मालक आहे, पण तोडीच्या तारखेचा मालक नाही. मुकादम बहुतेक वेळा स्वतः कोयता चालवून वर आलेला असतो, टोळीच्या गावचा, कित्येकदा भावकीतला असतो. तो वरच्याकडून पैसा घेतो तेव्हा कर्जदार असतो आणि खालच्याला देतो तेव्हा सावकार होतो. टोळीतले दोन कोयते पळाले तर त्याच्या अंगावर बोजा येतो, म्हणून तो त्यांच्या कोपीवर नजर ठेवतो. एरिक ओलिन राइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अशा जागांना परस्परविरोधी वर्गस्थाने म्हटले होते. एकाच माणसाचे हितसंबंध दोन्ही दिशांनी ओढले जातात, आणि त्यामुळे संताप नेहमी जवळच्या पायरीवर निघतो. टोळी शेतकऱ्याकडून खुशाली घेते, ट्रॅक्टरवाला मुकादमाला कोंडतो, मुकादम कोयत्याला दम देतो. वरची पायरी या भांडणात दिसतही नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा आणि अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला होता: गरिबी टिकून आहे, तर तिचा उपयोग कोणाला होतो? अमेरिकेपुरते उत्तर देताना त्यांनी तेरा उपयोग मांडले, आणि त्यांतला पहिलाच असा होता की समाजातील अवघड, मळकट, कमी मोबदल्याची कामे करायला माणसे मिळतात. आमच्या बीडकडील बालाघाटाच्या डोंगरावर पाऊस कमी, जमीन हलकी, सिंचन तुटपुंजे. तेथील कोरडवाहू शेतीवर कुटुंब वर्षभर जगत नाही. नेमके याच कारणामुळे शेकडो कारखान्यांना ठरलेल्या तारखेला लाखो माणसे मिळतात. एका भागाचे पाणी आणि दुसऱ्या भागाचा दुष्काळ या दोन वेगळ्या कहाण्या नाहीत; एकाच व्यवस्थेत त्या एकमेकींच्या गरजेच्या झाल्या आहेत.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. खाजगी कारखानदार आणि सावकार यांच्या तावडीतून लहान शेतकऱ्याला सोडवणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफळ झाला. माझ्या मनात त्या प्रयत्नाबद्दल आदर आहे. परंतु सभासदत्व उसाच्या क्षेत्राशी बांधले गेले. ज्याचा ऊस तो सभासद. ऊस तोडणारा त्या सहकारात शिरला नाही. तो कारखान्याच्या वहीत कामगार म्हणूनही बहुधा नसतो, कारण त्याचे नाव मुकादमाच्या वहीत असते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेतील बारडोली भागात, आपल्या खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांमध्ये हेच पाहिले होते: वर सहकार, खाली ठेकेदारी.

कोपीतला

मी त्या रिकाम्या बाकावर बसणारा मुलगा होतो. आज पुण्यात बँकेत नोकरी करतो. इथे बरेच लिहिले गेले, त्यात मला दोन गोष्टी जोडायच्या आहेत.

पहिली गोष्ट. आमच्याविषयी हमखास असे बोलले जाते की या लोकांना पैसा टिकवता येत नाही, उचल आली की लग्नात उडवतात, मुलांना शाळेतून काढतात आणि पुन्हा कोयता हातात देतात. ताईंच्या विषयात याला गरिबीची संस्कृती असे नाव आहे, हे मला पदवीच्या वर्गात कळले. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुइस यांनी १९५० च्या दशकात मेक्सिकोतील कुटुंबांच्या अभ्यासावरून असे मांडले की गरिबीत जगताना माणसे एक वृत्ती घडवतात, उद्याचा विचार न करण्याची, आणि ती मुलांकडे जाते. ते वाचताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली, पण लुइस यांच्या बाजूने नव्हे. माझे वडील उद्याचाच विचार करत असत. उचलीच्या रकमेचा मोठा भाग एकदम खर्च करणे हे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे होते, कारण रोख घरात ठेवली तर ती आजारपणात, पाहुण्यात, उधारीत वितळते. पत्रा मात्र वितळत नाही, बहिणीचे लग्न एकदा झाले की होते. आणि पुढच्या वर्षीही उचल मिळायची असेल तर गावात आपली पत राहायला हवी. बाहेरून पाहणाऱ्याला ती उधळपट्टी दिसते.

मला शाळेतून काढले गेले नाही, कारण आमच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले आणि आजी जिवंत होती. त्याआधीची दोन वर्षे मी फडावर होतो. माझ्या मोठ्या बहिणीला या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत. ती धाकट्याला सांभाळायला कोपीवर राहिली. आमच्या दोघांच्या वृत्तीत काहीच फरक नव्हता.

दुसरी गोष्ट. नोकरी लागली तेव्हा माझा पगार रेषेच्या कितीतरी वर होता. परंतु पहिली दोन वर्षे मी बैठकीत 'पाणी' हा शब्द उच्चारायचे टाळत असे, कारण माझ्या तोंडून तो 'पानी' असा येई आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी बदले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल (भाषा, वागणे, आवडीनिवडी यांतून मिळणारी पत) म्हटले, ते मला व्याख्येने नव्हे तर त्या एका क्षणाने समजले. कोणते पुस्तक वाचले, सुट्टीत कोठे गेलात, वडील काय करतात, या साध्या प्रश्नांची उत्तरे पगारातून विकत घेता येत नाहीत. मी अनेक वर्षे 'वडील शेती करतात' असे सांगत आलो. ते खोटे नव्हते, पण पुरेसे खरेही नव्हते.

सनद

मी औरंगाबाद खंडपीठात वकिली करते. मूळ लेखातील 'बांधले जाणे' हा शब्द केवळ उपमा म्हणून वाचला जाऊ नये, म्हणून लिहीत आहे.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ सालचा आहे. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे एखाद्याला कमी किंवा विनामोबदला काम करावे लागत असेल, अन्यत्र काम शोधण्याचे किंवा मोकळेपणाने ये-जा करण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते आणि ते कर्जच कायद्याने संपुष्टात येते. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावे लागणे हीदेखील राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार सक्तीची मजुरी आहे. सक्ती चाबकाचीच असावी लागते असे नाही, भुकेची आणि गरजेचीही असते, हा विचार त्या निकालाने आपल्या कायद्यात आणला.

व्यवहारात मात्र मुद्रांकावरील करार हातउसन्या पैशाचा असतो, त्यात ऊसतोडीचा उल्लेखही कित्येकदा नसतो. टोळीतून निघून गेलेल्या माणसावर फसवणुकीची तक्रार होते. ज्या नात्याला कायदा वेठबिगारी म्हणू शकतो, ते पोलिसांच्या दप्तरात कर्जबुडवेपणा म्हणून येते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदाही बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्यास लागू झाला नाही, कारण राज्याची सीमा ओलांडलेली नसते. कर्नाटकातल्या निपाणीला गेला तर लागू होता, अलीकडच्या कागलला थांबला तर नव्हता.

आणि बाईविषयी या धाग्यात अजून पुरेसे बोलले गेलेले नाही. कोयता जोडीचा आहे, परंतु उचल पुरुषाच्या हातात जाते, अंगठा किंवा सही त्याची असते आणि हिशोब त्याच्याशी होतो. बाईचे श्रम कर्ज फेडतात. कर्ज घ्यायचे की नाही हे तिला कोणी विचारलेले नसते. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणे अनेक आहेत: खाजगी दवाखान्यांचे सल्ले, कर्करोगाची भीती, फडावर पाणी आणि आडोसा नसणे. पण पाळीच्या दुखण्याने दिवस चुकला तर खाडा पडतो, हा हिशोब त्या सर्व कारणांच्या मागे आहे. घराला एक आकडा देऊन त्याला माणसांच्या संख्येने भागणारी कोणतीही मोजणी, घराच्या आत कोणाचे शरीर काय फेडत आहे, हे सांगू शकत नाही.

डोंगरपट्टा

सनद, आपण लिहिलेला शेवटचा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

कोपीतला यांच्या प्रतिसादावर थोडे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेविषयी लिहिताना म्हटले होते की ती केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. टोळ्यांमध्ये मराठा, वंजारी, बंजारा, दलित, सर्व समाजांची माणसे आहेत, आणि उसापुढे सर्वांचे हात सारखेच सोलतात. तरीही टोळ्या बहुधा जातीने, भावकीने बांधल्या जातात आणि कोप्याही तशाच पडतात. ज्याच्याकडे गावी दोन एकर आहे तो बाकी फेडण्यासाठी एखादा हंगाम चुकवू शकतो. भूमिहीनाला तेवढीही सवड नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी वर्गाबरोबर दर्जाचा, म्हणजे समाजातील मानाचा, विचार का केला, ते या टोळीत उभे राहिल्यावर समजते.

रोजगार हमीविषयी मला वैयक्तिक निरोपातून विचारणा झाली, तिचे उत्तर इथेच देते. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही देशातील अभिमानास्पद गोष्ट आहे. शहरातील पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुरीला पैसा गेला. वर्गांमधील असे सरळ आणि कायदेशीर नाते आपल्याकडे विरळ आहे. मग हमी असताना लोक उचल का घेतात? हमीचा पैसा काम केल्यावर, मोजमाप झाल्यावर, काही आठवड्यांनी थोडा थोडा येतो. उचल काम करण्याआधी, एकदम, मागेल त्या दिवशी मिळते. आजीची शस्त्रक्रिया उद्या असेल तर माणूस कोणाकडे जाईल? बँक, विमा आणि सरकारी रुग्णालय यांनी मोकळी ठेवलेली जागा मुकादमाने भरली आहे. तो केवळ मजूर पुरवणारा नाही. त्या डोंगरावरील सर्वांत तत्पर कर्जपुरवठादार तोच आहे.

निवृत्त गणक

चर्चा विषमतेपर्यंत आली आहे, म्हणून एक खुलासा. अलीकडे जागतिक बँकेच्या आकड्यांच्या आधारे भारत जगातील सर्वांत समान देशांपैकी एक आहे असे सांगितले गेले. २०२२-२३ साठीचा तो २५.५ हा गिनी निर्देशांक (विषमतेचे माप, जितका कमी तितकी समानता अधिक) उपभोग खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा फार थोडा भाग खर्च करतो आणि पाहणी करणाऱ्याला सहसा दारात उभा करत नाही. विषमतेवर काम करणाऱ्या टॉमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये कर आणि संपत्तीची माहिती जोडून केलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. म्हणजे खर्चाच्या मापात वरच्याची बचत दिसत नाही आणि खालच्याचे कर्जही दिसत नाही. दोन्ही टोके मध्याकडे सरकलेली दिसतात. ताईंच्या वर्गातील तक्त्यात जे घडले, तेच देशाच्या तक्त्यातही काही प्रमाणात घडते, हे मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी जाणवले नव्हते.

आता रकान्याकडे वळू या. माझा मसुदा असा: (१) गेल्या वर्षात पुढील कामाच्या बदल्यात आगाऊ रक्कम घेतली का, किती, कोणाकडून, (२) हंगाम संपताना किती बाकी राहिली, (३) ती बाकी असताना दुसरीकडे कामाला जाता येते का. तिसरा प्रश्न मला स्वतःलाच पटत नाही. 'जाता येते का' असे विचारले तर बहुतेक जण 'येते की' असे उत्तर देतील, कारण कोणालाही आपण बांधलेले आहोत असे परक्यासमोर म्हणावेसे वाटत नाही. कोपीतला, आपण सुचवाल का?

पंचगंगाकाठ

मसुद्यात शेतकऱ्यासाठीही एक प्रश्न घालावा: पावतीशिवाय किती पैसे दिले. आणि ट्रॅक्टरवाल्यांनाही पहिला प्रश्न विचारावा, रक्कम घेतली का याऐवजी रक्कम दिली का, असा फिरवून. तेव्हाच साखळीत पैसा कोठून कोठे जातो ते दिसेल.

कोपीतला

गणक काका, मी काल रात्री आईला फोन करून विचारले. ती आता फडावर जात नाही. गुडघे गेले आहेत. तिला तुमचा तिसरा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, असं विचारलं तर आम्ही कधीच खरं सांगितलं नसतं. मग थोडा वेळ गप्प राहून तिने स्वतःच सांगितले की असे विचारा: "औंदा जायचं नाही असं तुम्ही ठरवलं, तर कोणाला जाऊन सांगावं लागंल?"

निवृत्त गणक

हा प्रश्न जसाच्या तसा घेतो. बोलीही बदलू नये. उत्तरासाठी रकाना मोकळा ठेवावा, पर्याय देऊ नयेत.

सनद

प्रश्न नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळा, शक्यतो एकमेकांच्या गैरहजेरीत विचारावा. तेवढी एक अट लिहून ठेवा.

डोंगरपट्टा

दोन्ही सूचना लिहून घेतल्या. पंचगंगाकाठ यांचे दोन प्रश्नही वेगळ्या पानावर घेत आहे. यंदाच्या टोळ्या निघायला अजून तीन आठवडे आहेत. तोपर्यंत वर्गातील मुले आपापल्या गावांत हा तक्ता भरून आणतील. ज्या मुलीने रकाना मागितला होता, तिनेच तो पहिल्या पानावर आखला आहे.